पसरणारा शोभेचा बांबू: या चुका टाळा

थंडी सोसणारे अनेक शोभेचे बांबू, विशेषतः फायलोस्टॅकिस प्रजातीतील काळा आणि सोनेरी बांबू, एका जागी बेट धरून राहत नाहीत. त्यांचे कंद जमिनीखाली आडवे धावतात आणि मूळ रोपापासून बरेच दूर कोंब काढतात. पहिली एक-दोन वर्षे रोप जागचे हलत नाही, म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि नेमक्या त्याच काळात कंदांचे जाळे पसरत असते.

अटकाव म्हणून विटांची रांग किंवा पातळ प्लॅस्टिक पुरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण कंदाचे अणकुचीदार टोक सांध्यांतून सहज निसटते. सुमारे दीड मिलिमीटर जाडीची, एचडीपीई या घट्ट, टणक प्लॅस्टिकची सलग पट्टी 60 ते 75 सेंटीमीटर खोल पुरावी आणि तिचा वरचा काठ किंचित बाहेर कलता ठेवावा, म्हणजे तिला धडकलेले टोक खाली न शिरता वर वळते. काठ जमिनीच्या वर 5 सेंटीमीटर उघडा हवा. मी एकदा तो कुरूप दिसतो म्हणून पालापाचोळ्याने झाकला. पुढच्या वर्षी पाला बाजूला केला तेव्हा करंगळीएवढा जाड, फिकट पिवळा, पेरापेरांचा कंद काठावरून पलीकडच्या मातीत शिरलेला होता. तेव्हापासून वर्षातून दोनदा काठाने हात फिरवून अशी टोके छाटतो. पलीकडे कोंब उगवलाच, तर तो वरून कापून भागत नाही. आधी मधला कंद कुदळीने तोडावा, नाहीतर मूळ बेट त्याला पोसतच राहते.

पाने गुंडाळली तर पाणी द्यावे, मात्र पाणी साचू देऊ नये. वसंतात काही पाने पिवळी पडून गळतात ती नैसर्गिक पानगळ असते, तिच्यावर खताचा मारा करू नये. कडक थंडीने पाने करपली, तरी काठ्या लगेच तोडू नयेत. पेरांवरच्या कळ्या जिवंत असतील, तर वसंतात नवी पालवी फुटते.

काठी जाड होण्याची वाट पाहणेही व्यर्थ आहे, कारण कोंब ज्या जाडीचा निघतो त्याच जाडीची काठी होते आणि साधारण दोन महिन्यांत तिची उंचीही कायमची ठरते. काळ्या बांबूची काठी हिरवी निघाली म्हणून रोपवाटिकेशी भांडू नये. ती काळी पडायला एक ते तीन वर्षे लागतात.