‘त्यांनाच विचारा’ हे शाखेतून कमी करा

माझी बरीचशी नोकरी औसा-निलंग्याकडच्या बँक शाखांत गेली, आता एक शाखा सांभाळते. मृग निघाला की पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला, शटर उघडण्याआधीच रांग लागते. त्यात केवायसी, अनुदानाची चौकशी, पीकविमा, आणि नेमकी दुपारी लिंक जाते. अशा दिवसांचा थकवा झोपेनं उतरतो. माझ्यासारख्या शाखा सांभाळणाऱ्यांसाठी मी लिहितेय ते झोपेनं न उतरणाऱ्या थकव्याबद्दल, म्हणजे बर्नआउटबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामातून येणारी अवस्था म्हणून केली. त्याच्या खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं.

काउंटरवर त्या अशा दिसतात. ‘बाबा, बसा जरा’ म्हणणारा कॅशियर मान वर न करता पासबुक सरकवतो. डबा एकट्यानं, स्क्रीनसमोर खाल्ला जातो. साध्या व्हाउचरमध्ये चुका होतात. असा माणूस दिसला की मेमो काढण्याआधी त्याच्या टेबलावर काय काय येतं ते बघा.

त्यासाठी आठवडाभर एक वही ठेवा. कुठल्या कामासाठी कोणाचं नाव घेतलं जातं, तेवढंच लिहा. एटीएम अडकलं, त्यांनाच विचारा. जुनी फाइल सापडेना, त्यांनाच विचारा. वारसाचं प्रकरण, तेही त्यांच्याकडेच. बहुतेक शाखांत एकच नाव पुन्हा पुन्हा येईल, आणि ते कधी ‘नाही’ न म्हणणाऱ्या माणसाचं असेल. काम चांगलं करतो म्हणून काम त्याच्याकडे जातं, आणि म्हणूनच सगळ्यांत आधी तो खचतो. माझ्या मते साहेब म्हणून आपलं पहिलं काम या माणसाला वाचवणं हे आहे.

प्रत्येक कामाला एक जोडीदार ठरवा. आधी जोडीदारानं शेजारी बसून बघायचं, मग त्यानं करायचं आणि जाणकारानं शेजारी बसायचं. हे मेअखेर उरका. जूनमध्ये शिकवायला कोणालाच उसंत नसते. पासवर्ड मात्र एकमेकांना द्यायचा नाही. जोडीदाराला त्याचे स्वतःचे अधिकार वरून मागून घ्या. रिझर्व्ह बँकेनं संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस, आधी न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवायला सांगितलंय. हेतू घोटाळे रोखण्याचा आहे, पण आपल्या शाखेची तपासणी त्यातून आपोआप होते: ज्याच्यावाचून दहा दिवस निघत नाहीत, त्याच्यावर भार जास्त आहे.

मग गर्दी. नवं-जुनं करण्यासाठी गावनिहाय वार ठरवा आणि ग्रामपंचायतीत कळवा. सातबारा, आठ-अ, आधार ही यादी मोठ्या अक्षरांत दाराशी लावा, आणि शिपाई मामांना तिथंच कागद बघायला बसवा. एका झेरॉक्सपायी पंधरा किलोमीटरवरून आलेल्या माणसाला दुपारी दोनला परत पाठवलं, तर तो ओरडणारच. ते ओरडणं दिवसभर झेलणारा क्लार्क घरी जाऊन कोणाशी बोलत नाही.

रात्री वरून टार्गेटचा मेसेज आला तर तो तसाच ग्रुपवर ढकलू नका. सकाळी वाचा, कोणाचं काय ते ठरवा, मग सांगा. मीटिंगमध्ये आपण ऐकून घेतलेलं टोचून बोलणं खाली पोचवायचं नाही. जागा रिकामी असेल तर रोजची व्हाउचर आणि टोकन मोजून लेखी मागणी करा, आणि दर महिन्याला करत राहा. दोन माणसांचं काम एकजण करत असताना प्रेरणादायी भाषण ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

रजेचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावा. आमच्याकडे वेळ अमावास्येला, म्हणजे शेतातल्या पूजेच्या सणाला, माणसाचं मन शेतात असतं; भज्जी, आंबील, कडब्याच्या कोपीतली पूजा. त्या दिवशी इथल्यांना सोडा, काउंटर बाहेरून आलेले सांभाळतील. मग छठला किंवा ओणमला त्यांना गावी जाऊ द्या, तेव्हा इथल्यांनी सांभाळायचं. आणि रजेवरच्या माणसाला फोन करायचा नाही, अगदी ‘एकच विचारायचं होतं’ म्हणूनसुद्धा नाही.

व्यवस्थापकाची अडचण अशी की त्यानं सांगायचं कोणाला? दुसऱ्या शाखेतला बरोबरीचा एक व्यवस्थापक गाठा, ज्याच्याशी आकड्यांपलीकडचं बोलता येईल. आपली रजा आधी मांडा. साहेब रजा घेत नाहीत तिथं क्लार्क मागायला कचरतो. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, शाखेच्या दाराशी येताच छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटायला लागलं तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं. तो नोटीस बोर्डावर लावा आणि स्वतःच्या मोबाइलमध्येही घ्या.