इंजिनिअर मुलगी प्लँटवर टिकावी, चढावी यासाठी

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून, ठिकठिकाणच्या पॉलिटेक्निकांतून मुली शिकून बाहेर पडतात. गळती त्यानंतर लागते: पहिल्या रात्रपाळीला, लग्नाला, बाळंतपणाला. ती थांबवणं सेक्शन हेडच्या, लॅब इनचार्जच्या आणि पीएचडीच्या गाइडच्या हातात असतं. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

आधी कामाचं वाटप बघा

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती चांगुलपणातून होते. एकाच दिवशी रुजू झालेल्या दोघांपैकी मुलगा प्लँटमधल्या पंपाच्या कामावर जातो आणि मुलगी एक्सेलवर बसते. "तिला कशाला उन्हात, तिचं अक्षर चांगलं आहे." चार वर्षांनी बढतीच्या मुलाखतीत विचारतात, शटडाऊन (दुरुस्तीसाठी प्लँट बंद करणं) सांभाळलंय का, स्टार्टअप (तो पुन्हा सुरू करणं) केलंय का? तिच्याकडे सांगायला फक्त फायली असतात.

एक कागद घ्या, दोन रकाने पाडा: "हत्यार हातात होतं" आणि "नोंद ठेवली". गेल्या तीन महिन्यांतली तिची सगळी कामं त्यात भरा, शेजारी तिच्याच बॅचच्या मुलाची भरा. फरक लगेच दिसतो. मग पहिल्या वर्षात तिच्या नावावर निदान एक मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या दांड्याजवळची गळती रोखणारा भाग) बदली, एक स्टार्टअप आणि एक शटडाऊन लावा. सील बदलताना तिने बाजूला उभं राहून बघायचं नाही. मोटरचा पुरवठा बंद करून स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) रिकामं करायचं, कपलिंग (मोटर आणि पंप यांचा जोड) सोडायचं आणि शेवटी डायल गेज (बारीक फरक मोजणारं साधन) लावून दोन्ही दांड्यांची अलाइनमेंट स्वतः जुळवायची. फिटर मदतीला असावा, तिच्या जागी नसावा. दुसऱ्या वर्षी वर्क परमिटवर (काम सुरू करण्याच्या लेखी परवानगीवर) सही, तिसऱ्या वर्षी शिफ्टचा चार्ज.

समुद्रावर नमुने घेतानाही हेच होतं. मुलगा सॅम्पलर (नमुना घ्यायचं साधन) पाण्यात सोडतो, मुलगी वही धरते. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची, मँगनीजचं द्रावण आणि अल्कलाइन आयोडाइड बोटीवरच घालायचं, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवायचं. होडी हलत असताना हे जमायला हात बसावा लागतो, आणि तो वही धरून बसत नाही. छोट्या बोटीवर शौचालय नसतं म्हणून मुली आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. फेरी तीन-चार तासांची ठेवा, मध्ये बंदराला लागा, आणि हे निघण्याआधीच सांगून टाका.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आधी नाकारलं, मग वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर घेतलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली. "आधी करून दाखव" ही अट मुलाला घालत नसाल तर मुलीलाही घालू नका.

मापाचं सामान

स्टोअरमध्ये बूट सहसा सात नंबरपासून पुढे असतात. चार-पाच नंबरच्या पायात सातचा गमबूट घालून उभी शिडी चढताना टाच आत सरकते आणि पाय निसटतो. तीन ते सहा नंबर मागवून ठेवा. हातमोजेही लहान मापाचे हवेत, सैल मोज्यात व्हॉल्व्हची पकड बसत नाही.

हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा वायूचा मास्क) तर घालूनच तपासावा. हवा गाळणाऱ्या दोन्ही काडतुसांची तोंडं तळव्यांनी झाकायची, हळू श्वास आत ओढायचा, दहा सेकंद धरायचा. मास्क चेहऱ्याकडे किंचित ओढला जाऊन तसाच राहिला तर ठीक. नाकाजवळून वारा आला तर पट्टे आवळत बसू नका, लहान माप द्या. न बसणारा मास्क वायूच्या गळतीत काही कामाचा नाही.

रात्रपाळी आणि पाखाडी

"मुलींना रात्रपाळी नको" हा सोपा उपाय, पण त्याने ती शिफ्ट इनचार्ज होण्याच्या वाटेवरूनच बाजूला होते. तिची लेखी संमती घ्या, एका पाळीत दोघी ठेवा आणि गाडी घरापर्यंत द्या. हायवेच्या नाक्यावर सोडणं म्हणजे घरी सोडणं नव्हे. तिथून वाडी दीड-दोन किलोमीटर आत, पावसात शेवाळलेली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), दिवे गेलेले. जिथे गाडी जात नाही तिथे कोण न्यायला येणार हे आधी ठरवा. रुजू होताना आई-वडिलांना एकदा बोलवा. कँटीन, स्वच्छतागृह, बस आणि तिची बसायची जागा दाखवा. लग्नानंतर सासरच्या माणसांनाही असंच बोलवावं.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती कायद्याने बंधनकारक आहे. सदस्यांची नावं आणि फोन मराठीत गेटवर लावा, ट्रेनी आणि कंत्राटी मुलींनाही सांगा. तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

बाळंतपण

आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हक्काची आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा. पीएचडीच्या मुलींना युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत २४० दिवसांपर्यंत रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे. बऱ्याच गाइडना हे माहीत नसतं. करिअरमध्ये खंड पडलेल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे.

रजेवर जाण्याआधी दोन पानांची नोंद दोघांच्या सहीने करा: कोणती कामं कोणाकडे गेली आणि परतल्यावर कोणती तिच्याकडे येणार. हे लिहिलेलं नसलं की ती परत आल्यावर "सध्या जरा हलकं काम घे" असं होतं, आणि ते "सध्या" संपत नाही. वार्षिक मूल्यमापन काम केलेल्या महिन्यांवरच करा.

बढतीची परीक्षा किंवा मुलाखत गणपतीच्या आठवड्यात किंवा लगेच नंतर ठेवू नका. त्या दिवसांत कोकणात स्वयंपाकघरात कोण असतं हे आपल्याला ठाऊक आहे.

शिफारसपत्र

"मेहनती, नम्र, सर्वांशी मिळूनमिसळून" असं मुलींबद्दल लिहिलं जातं. निवड समितीला त्यातून कामाचं काही कळत नाही. तिने कोणता पंप उघडला, सील बदलल्यावर तो किती महिने चालला, कोणत्या शटडाऊनचा चार्ज तिच्याकडे होता, ते लिहा. पहिल्या वर्षी भरलेला दोन रकान्यांचा कागद तेव्हा समोर घ्या.