अपघातग्रस्ताला उचलण्याची घाई नको : या चुका टाळा

आडगावजवळ किंवा सिन्नर रस्त्याला अपघात झाला की बघता बघता गर्दी जमते. मदतीला नाशिककर मागे राहत नाहीत, चुकतं ते त्यानंतर. एक जण काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि जखमीला रिक्षात कोंबतात. मानेचा मणका मोडलेला असेल, तर एवढ्या ओढाताणीत मज्जारज्जू दुखावतो आणि हातपाय हलवणारा माणूस कायमचा लुळा पडू शकतो. गाडीने पेट घेतला असेल किंवा मागून वाहन अंगावर येण्याची भीती असेल, तरच हलवा; तेही तीन-चार जणांनी मिळून, डोकं-मान-धड एका रेषेत ठेवून. एरवी १०८ लावा आणि एकाने त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसावं. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात रक्त किंवा उलटी साचत असेल, तर मात्र मान न वळवता सगळं शरीर एकदम कुशीवर करा, कारण श्वास आधी.

फोनवर नुसतं ‘घाटात’ म्हणू नका. कसारा घाटात जायचा आणि यायचा रस्ता वेगळा आहे, त्यामुळे मुंबईकडची बाजू की नाशिककडची, आणि जवळचा किलोमीटरचा दगड कोणता, हे सांगा.

दुसरी चूक म्हणजे जो ओरडतोय त्याच्याकडेच सगळे धावतात. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याला आधी बघा.

रक्त वाहत असेल तर हळद, कॉफी पावडर काही नको. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबा आणि किमान दहा मिनिटं दाबूनच ठेवा. थांबलं का, म्हणून सारखं उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हातापायातून चिळकांडी उडतेय आणि दाबूनही थांबत नाही, अशा वेळीच जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रुंद पट्टा करकचून बांधा आणि वेळ लिहून ठेवा. बारीक सुतळी नको, ती मांसात रुतते. जखमेत घुसलेली काच किंवा सळई उपटू नका. कित्येकदा तिच्यामुळेच रक्त अडलेलं असतं.

पाणी पाजू नका. गुंगीत ते श्वासनलिकेत जातं, शिवाय ऑपरेशन लागलं तर भरलेल्या पोटाचा धोका वेगळाच. कांदाही हुंगवू नका. कांद्याच्या जिल्ह्यात हे सांगणं जरा धाडसाचंच, पण त्याने बेशुद्ध माणूस बरा होत नाही.

‘पोलिसांचं लचांड नको’ म्हणून निघून जाणारेही असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. पैशांसाठीही खोळंबू नका. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. असं जवळचं रुग्णालय ११२ वर विचारता येतं.

माझ्या मते सगळ्यात फसवा असतो तो मुका मार. माणूस उठतो, कपडे झटकतो, ‘काही नाही झालं’ म्हणत गाडीला किक मारतो. कवटीच्या आत रक्त साचायला काही तास लागू शकतात आणि तोवर तो चांगला बोलत असतो. मग डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, बोलणं असंबद्ध होतं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसते. घरचे म्हणतात, दमलाय, झोपू द्या. हँडल पोटात घुसलं असेल तर प्लीहा किंवा यकृत फाटू शकतं. वर साधा ओरखडाही नसतो, पण पोट दुखून कडक होतं, घाम सुटतो, अंग गार पडतं. यातलं काहीही दिसलं तर अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. गल्लीतल्या दवाखान्यातही वेळ घालवू नका. सीटी स्कॅन आणि रात्री सर्जन असेल तिथेच थेट न्या, आणि अपघात किती वाजता झाला हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.