मक्यातलं तण: पेरणीआधी वाचून ठेवायची यादी

बियाणं, खत, पंप तुम्ही बघालच. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका, कच्च्या खतातून तणाचं बी रानात येतं. भाड्याचा रोटाव्हेटर बांधावरच साफ करून आत घ्या.

दुकानात जाण्याआधी मागच्या दोन हंगामांत कोणतं तणनाशक फवारलं ते लिहून न्या. नुसतं नाव नको, गट लिहा, म्हणजे औषध तणाला कशा पद्धतीनं मारतं ते. टेम्बोट्रिओन आणि टोप्रामेझोन यांचे डबे वेगळे, गट एकच. डबा बदलला म्हणजे औषध बदललं असं होत नाही. ॲट्राझिनचा गट वेगळा. ते पेरणीनंतर, उगवणीआधी, जमिनीत ओल असताना मारायचं. फ्लॅट फॅन नोझल, एकरी २०० लिटर पाणी, मात्रा लेबलवरचीच. अर्धी मात्रा मारून पैसे वाचत नाहीत, अर्धमेलं तण सावरतं. उगवणीनंतरचं औषध तण दोन-चार पानांवर असतानाच द्या.

आणि फवारणीनंतर दहा-बारा दिवसांनी रानात परत जा. मागच्या खरिपात माझं नेमकं हेच राहिलं. बांधावरून बघू नका, ओळीत शिरा. सलग पट्टा हिरवा असेल तर फवारा चुकलाय. पण मेलेल्या माठाशेजारी एखादा माठ ताजातवाना उभा असेल तर तो धोक्याचा, औषध त्याला लागू पडत नसावं. त्यावर तेच औषध पुन्हा मारू नका. उपटा. फुलोऱ्याआधी उपटा. बी पडलं की पुढच्या वर्षी त्याचीच पिलावळ उगवणार. पंजाब-हरियाणात गव्हातलं गुल्ली डंडा हे तण वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन या एकाच तणनाशकावर ठेवलं, १९९० च्या दशकात ते त्या औषधाला जुमानेनासं झालं. अमेरिकेत इलिनॉयमधला वॉटरहेम्प, आपल्या माठाचाच भाऊबंद, मक्यात ॲट्राझिनला आणि टेम्बोट्रिओनच्या गटालाही पुरून उरलाय. म्हणून परत जा, वाचलेलं एकेक झाड उपटा आणि रानाबाहेर न्या. घोळ, केना ओल्या मातीत टाकलात तर पुन्हा मुळं धरतात.

मजूर मिळत नाहीत हे मान्य, पण हे काम घरच्या दोन माणसांचं, एका सकाळचं.

कोळपणी सोडू नका, पहिले ३० ते ४५ दिवस महत्त्वाचे. तुऱ्याआधी आणखी एक फेरी, तेव्हाही उपटणीच. बांधही बघा. काढणीला हार्वेस्टर झाडून घ्या. मक्यावर मका नको. वहीत तारीख, गट आणि कोणतं तण वाचलं ते लिहा.