ब्रेक दाबला की अँबेसेडर एकीकडे ओढते? आधी दुसरी बाजू उघडा

वर्धा-यवतमाळकडच्या गावांत जुनी अँबेसेडर अजून एखाद्या कोठ्यात निघतेच. वर्षाचे दहा महिने कापसाच्या गंजीशेजारी उभी आणि लग्नसराई आली की बाहेर. मग पहिल्याच फाट्यावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडच्या धुऱ्याकडे निघते.

अशा वेळी बहुतेक जण डावं चाक उघडतात. मीही उघडलं होतं. मेकॅनिकनं डावीकडे नवे लायनर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं अस्तर, बसवले आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त ओढायला लागली. कारण साधं आहे. चालत्या बंडीचा डावा बैल थबकला आणि उजवा चालतच राहिला, तर बंडी डावीकडे फिरते. गाडीचंही तसंच: ज्या बाजूचं चाक जास्त धरतं, त्या बाजूला ती वळते. डावीकडे ओढत असेल तर डावं चाक नीट काम करतंय आणि उजवं कामचुकार आहे, असंच बरेचदा निघतं. माझ्या गाडीत उजव्या ब्रेक सिलिंडरमधला, ऑईलच्या दाबानं लायनर ढकलणारा पिस्टन गंजून बसला होता.

पाना हातात घेण्याआधी दोन्ही पुढच्या टायरांतली हवा सारखी करा. टायरही सारखेच झिजलेले हवेत. मग सकाळी, मागेपुढे कोणी नसताना, 30-40 च्या वेगानं चालवून बघा. आपले डांबरी रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, म्हणून डावीकडून चालणारी गाडी थोडी डावीकडे सरकणारच. मोकळा रस्ता असेल तर मधोमध चालवा. ब्रेक न दाबताही ओढत असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा एखादं चाक आतून घासतंय. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर ब्रेक सोडा, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) आणि स्टिअरिंगचे जोड हलवून बघा. नाला ओलांडल्यावर दोन-चार ब्रेक वाकडे लागले तर घाबरू नका, एका ड्रममध्ये पाणी गेलंय. हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चाला, सुकेल.

आता पाच-सहा ब्रेक मारून थांबा आणि पुढच्या दोन्ही ड्रमजवळ हाताची पाठ न्या. लावू नका, फक्त जवळ न्या. जो थंड, तो आळशी. ही परीक्षा ऊन चढायच्या आत करा, मे महिन्यात इकडे सगळंच तापलेलं असतं.

यानंतर गाडी उचला. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. घरच्या एखाद्या पोट्ट्याला पॅडलवर बसवा आणि अगदी हळूहळू दाबायला सांगा. तुम्ही दोन्ही चाकं हातानं फिरवत राहा. कोणतं आधी धरतं, कोणतं उशिरा, ते लगेच कळतं.

पॅडल सोडल्यावर एखादं चाक जामच राहिलं, तर त्याच्या सिलिंडरचा हवा काढायचा निपल किंचित ढिला करा. थोडं ऑईल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. बहुतेक वेळा रबरी होज आतून फुगलेला असतो: जोरात दाबलेलं ऑईल पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून तो होज नवा दिसतो, म्हणून फसगत होते. दोन्ही चाकं अशीच अडकत असतील तर पॅडलचा दाब ऑईलला देणारा मास्टर सिलिंडर बघा. निपल सोडूनही चाक जामच राहिलं, तर पिस्टन, शू (लायनर बसवलेली कमान) किंवा स्प्रिंग अडकली आहे.

ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, कंप्रेसरही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसांचा वैरी आहे. ओल्या फडक्यानं पुसा. सिलिंडरचं रबरी टोपण उचला, खाली ओल दिसली तर गळती आहे. जुन्या ड्रमवाल्या अँबेसेडरच्या पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर असतात आणि एकेक सिलिंडर एकेक शू ढकलतो. पॅडल जेमतेम दाबवून दोन्ही शू हलतात का पाहा. जास्त दाबलं तर पिस्टन बाहेर येऊन पडेल. सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर रबर किट बदलून भागतं. गंजाचे खड्डे असतील तर नवाच घाला. 2014 साली बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात गाडी बनणं थांबलं, त्यामुळे पार्ट घेताना जुना सोबत नेऊन ताडून बघा.

ग्रीस किंवा ऑईल प्यायलेला लायनर धुऊन वापरू नका. तो कधी घसरतो, कधी एकदम चावतो. लायनर बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, एकाच जातीचे. लेथवर ड्रम कापायचा तर तोही जोडीनं.

सेटिंग करताना ॲडजस्टर, म्हणजे शू ड्रमजवळ सरकवणारा स्क्रू, चाक जाम होईपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत टप्प्याटप्प्यानं सोडा. पुढच्या चाकाला असे दोन ॲडजस्टर असतात. एक विसरला तरी गाडी ओढते, आणि विसरणारे कमी नाहीत.

शेवटी लाइनमधली हवा काढा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. ब्रेक ऑईल सीलबंद डब्यातलंच घ्या. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 3 ही प्रत कोरडी असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल प्यायल्यावर ही हद्द 140 पर्यंत खाली येऊ शकते. उभ्या गाडीतला पिस्टनही याच ओलीनं गंजतो, म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदला. कमी पडलं म्हणून इंजिन ऑईल ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यानं सगळी रबरं फुगतात.

पुन्हा त्याच रस्त्यावर नेऊन आधी हळू, मग 40 वरून ब्रेक मारा, स्टिअरिंग सैल धरून. नवे लायनर असतील तर सुरुवातीला थोडं इकडेतिकडे होतं. शंभरेक किलोमीटर झाले की चारही चाकांचे ॲडजस्टर परत एकदा बघा.