व्हीआरमधून वन्यजीव आणि हवामानबदल शिकवताय? या चुका टाळा

वर्गात ३० मुलं, व्हीआरचे म्हणजे आभासी जग डोळ्यांसमोर उभं करणारे १० हेडसेट आणि ४० मिनिटांचा तास. फिल्म १२ मिनिटांची निवडली की गणित तिथेच फसतं. हेडसेट घालायचा, पट्टा आवळायचा, भिंगं जुळवायची, काढल्यावर पुढच्यासाठी पुसून ठेवायचा; यात प्रत्येक फेरीला ४-५ मिनिटं जातातच. अनुभव ६ मिनिटांचा धरला तरी तीन फेऱ्यांना ३०-३३ मिनिटं लागतात आणि बोलायला जेमतेम ७ उरतात.

म्हणून बहुतेक ठिकाणी पहिली चूक यंत्रात सापडत नाही, वेळापत्रकात सापडते. हेडसेट हाच धडा धरला जातो. खरं तर तो धड्याचा मधला तुकडा. त्याआधी एक नेमका प्रश्न हवा आणि नंतर हाताला काम हवं. एका वेळी २० मुलं हेडसेटविना असतात, त्यांच्यासाठी दोन टेबलं आधीच मांडून ठेवा. एकावर प्राण्यांच्या ठशांची चित्रं ओळखायला, दुसऱ्यावर तापमानाच्या नोंदींचा आलेख काढायला. नुसतं रांगेत उभं केलं तर मुलं दंगा करणारच, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

या बाबतीतलं संशोधनही डोळे उघडणारं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये समुद्राच्या आम्लीकरणाचा (कार्बन डायऑक्साइड विरघळून समुद्राचं पाणी आम्लाकडे झुकण्याचा) व्हीआर अनुभव तपासला. आभासी समुद्रतळावर जे जास्त हिंडले-फिरले, त्यांच्या ज्ञानात जास्त भर पडली. मात्र त्याच वर्षी परोंग आणि मेयर या संशोधकांच्या प्रयोगात जीवशास्त्राचा तोच धडा साध्या स्लाइडवर पाहिलेल्यांना जास्त आठवला. व्हीआरवाल्यांना मजा मात्र जास्त आली. व्हीआरचा धडा तुकड्यांत थांबवून प्रत्येक तुकड्यानंतर सारांश लिहायला लावला, तेव्हा फायदा दिसला. म्हणजे २-३ मिनिटं पाहा, हेडसेट उतरवा, तीन ओळी लिहा, पुन्हा घाला. कंटाळवाणं वाटतं, पण उपयोगी तेच आहे.

३६० अंशांचा व्हिडिओ आणि चालत फिरायचं जग यांची गल्लत

दोन्हीला व्हीआरच म्हणतात, पण तयारी वेगळी लागते. ३६० अंशांच्या व्हिडिओत फक्त मान वळवता येते. पुढे वाकलं तर अख्खं जंगल आपल्याबरोबर सरकतं आणि पोटात ढवळायला लागतं. हा व्हिडिओ फिरत्या खुर्चीवर बसूनच दाखवा. खुर्ची स्थिर असेल तर मागे चाललेला हत्ती कुणीच पाहत नाही. संगणकावर घडवलेल्या जगात मात्र वाकता, बसता, पावलं टाकता येतात. तिथे प्रत्येकाला किमान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा आणि शेजारी लक्ष ठेवणारा एक जण हवा. कोणता अनुभव दाखवायचा हे ठरण्याआधी हेडसेट विकत घेऊन बसणं ही नेहमीची घाई.

"धूसर दिसतंय"

ही तक्रार आली की आधी मेनूतली अक्षरं पाहायला सांगा. अक्षरंही धूसर असतील तर दोष बसवण्यात आहे. अक्षरं लख्ख आणि फक्त व्हिडिओ धूसर असेल तर दोष फाइलमध्ये.

बसवण्यातला दोष असेल तर हेडसेट गालावर किंचित वर-खाली सरकवा. प्रत्येक भिंगाचा एक छोटाच भाग स्वच्छ दिसतो, डोळा नेमका त्यासमोर यावा लागतो. मग भिंगांमधलं अंतर पाहा. प्रौढांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, मुलांचं त्याहून कमी. आधीच्या माणसाने लावलेलं अंतर तसंच ठेवून हेडसेट पुढे दिला की दोन-तीन मिनिटांत डोकं दुखायला लागतं. तरीही धूसरच असेल तर भिंगावर बोटाचा ठसा किंवा श्वासाची वाफ असणार.

फाइलचा दोष जास्त लबाड असतो. ३८४० पिक्सेल रुंदीचा व्हिडिओ टीव्हीवर झकास दिसतो. हेडसेटमध्ये तेच पिक्सेल ३६० अंशांवर ताणले जातात, म्हणजे एका अंशाला जेमतेम ११. आता हिशोब करा: २० सेंटिमीटरचा पक्षी २० मीटरवर बसला असेल तर तो अर्ध्या अंशाहून थोडाच मोठा दिसतो. त्याच्या वाट्याला येतात ६ पिक्सेल. कॅमेरा ७६८० पिक्सेलचा घेतला तर १२. एवढ्यात चोचही ओळखू येत नाही. मुलं "पक्षी कुठाय?" विचारत राहतात आणि शिक्षक हेडसेटला दोष देतात. ३६० अंशांचा कॅमेरा अधिवास दाखवायला उत्तम: झाडांचा दाटपणा, पाणवठा, सावली, किती दूरपर्यंत दिसतं ते. पक्षी दाखवायचा असेल तर दूरचं जवळ आणणाऱ्या भिंगाने घेतलेलं साधं चित्रण त्याच दृश्यात चौकटीसारखं टांगा. दिसायला थोडं जोडकाम वाटेल, पण शिकवायला तेच बरं.

चित्र ताणलेलं, दुभंगलेलं, अडखळणारं

पूर्ण गोलाचा साधा व्हिडिओ २:१ आकाराचा असतो. वर-खाली दोन चित्रं रचलेला त्रिमितीय व्हिडिओ बहुधा १:१. हा व्हिडिओ ३६० अंशांचा आहे हे फाइलमधली एक छोटी नोंद प्लेअरला सांगते. एडिटिंगमध्ये किंवा मेसेजिंग ॲपवरून पाठवताना ती नोंद पुसली जाते आणि हेडसेटमध्ये सपाट, वाकडंतिकडं चित्र येतं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये हाताने "३६०" निवडा. एकावर एक दोन चित्रं दिसत असतील तर "टॉप-बॉटम"ही निवडा. मूळ फाइल केबलने किंवा पेनड्राइव्हनेच हलवा. मेसेजमधून आलेली फाइल नोंदीबरोबर निम्मा दर्जाही गमावून बसलेली असते.

अडखळत असेल तर फाइल कशी बांधली आहे ते पाहा. एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धती. ४०९६ पिक्सेलपेक्षा रुंद व्हिडिओसाठी एच.२६५ वापरा, एच.२६४ मध्ये एवढी रुंदी अनेक उपकरणांना झेपत नाही. वाय-फायवरून एकदम दाखवायचा मोह टाळा. प्रत्येक हेडसेटला २५ मेगाबिट लागले तर दहांना सेकंदाला २५० मेगाबिट हवेत, आणि ते ऐन वेळी मिळत नाहीत. फाइल आदल्या दिवशी प्रत्येक हेडसेटमध्ये उतरवून ठेवा. ६० मेगाबिट वेगाचा ५ मिनिटांचा व्हिडिओ सव्वादोन गीगाबाइट होतो, तेव्हा आधी मोकळी जागा तपासा.

आवाजाची एक चूक सहसा पकडली जात नाही. चारही दिशांचा आवाज चार वाहिन्यांत साठवतात आणि त्यांच्या क्रमाच्या दोन पद्धती आहेत, ॲम्बिएक्स आणि फ्यूमा. एकीत रेकॉर्ड करून दुसरीत वाजवलं तर डावीकडचा धबधबा भलतीकडून ऐकू येतो. उजवीकडे, मागे आणि डोक्यावर टाळी वाजवून केलेलं १० सेकंदांचं रेकॉर्डिंग चालवून पाहा, चूक लगेच कळते.

मळमळ

डोळे सांगतात "आपण उडतोय", तोल सांभाळणारा आतला कान सांगतो "आपण बसलोय". या भांडणातून मळमळ होते. ड्रोनने घेतलेला जंगलावरचा लांबलचक शॉट पडद्यावर सुंदर, हेडसेटमध्ये तोच सर्वात त्रासदायक. कॅमेरा स्थिर ठेवा. जागा बदलायची तर दृश्य काळं करून पुढच्या ठिकाणी उघडा. घडवलेल्या जगात जॉयस्टिकने सरकण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारायची सोय निवडा. क्षितिज २-३ अंश जरी तिरकं राहिलं तरी मुलं नकळत एका बाजूला कलतात. एडिटिंगमध्ये ते आधी सरळ करा.

कॅमेऱ्याची उंचीही यातच येते. खुर्चीवर बसून पाहणाऱ्यासाठी ती १.१ ते १.२ मीटर हवी. अडीच मीटरच्या स्टँडवरून घेतलेलं दृश्य पाहताना आपण हवेत तरंगतोय असं वाटतं आणि हरीण खेळण्यातलं दिसतं.

घाम, जांभया, चेहरा पांढरा पडणं ही पहिली लक्षणं. "होईल सवय" म्हणून चालू ठेवू नका. हेडसेट काढा, दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहायला सांगा आणि त्या दिवशी पुन्हा घालायला देऊ नका. फिट्स येण्याचा इतिहास असलेल्यांची चौकशी आधीच करून ठेवा. वयाच्या मर्यादाही कंपनीगणिक वेगळ्या आहेत: मेटाची १० वर्षं, सोनीच्या प्लेस्टेशन व्हीआरची १२. त्याहून लहान मुलांना तोच व्हिडिओ टॅब्लेटवर, टॅब्लेट भोवती फिरवत पाहू द्या.

प्राणी चुकीचे, म्हणून धडा चुकीचा

विकत मिळणारी प्राण्यांची मॉडेलं घेतली की माप बिघडतं, कारण एक प्रोग्रॅम सेंटिमीटर मोजतो आणि दुसरा मीटर. शंभरपट मोठा बेडूक लगेच लक्षात येतो. दीडपट मोठा वाघ कुणाच्याच लक्षात येत नाही. दृश्यात १.८ मीटर उंचीचा एक ठोकळा ठेवून मापं जुळवा. वाघाचा खांदा साधारण माणसाच्या कमरेच्या आसपास येतो, आशियाई हत्तीच्या नराचा अडीच-तीन मीटरवर. आवाजही तपासा. जंगल म्हटलं की कुठल्याही खंडातला पक्षी ऐकवण्याची खोड फार जुनी आहे.

त्याहून गंभीर म्हणजे अंतर. हाताच्या अंतरावर आलेली वाघीण मुलांना आवडते आणि "जवळ गेलं तरी काही होत नाही" हेही शिकवून जाते. प्राणी सुरक्षित अंतरावरच ठेवा. जवळचं दृश्य लपवलेल्या कॅमेऱ्याचं असेल तर निवेदनात तसं सांगा.

स्वतः चित्रण करत असाल तर घरट्याजवळ ड्रोन नेऊ नका, आमिष ठेवू नका आणि फाइल बाहेर देण्याआधी तिच्यातली जीपीएसची नोंद पुसा. दुर्मीळ प्राण्याचं ठिकाण शिकाऱ्याला आयतं मिळायला नको.

हवामानबदलाच्या दृश्यांतले घोटाळे

व्हीआरमध्ये २० सेकंदांत पाणी गुडघ्यापासून छातीपर्यंत चढतं. मुलांना ते उद्याचं वाटतं. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वेग वाढवलेल्या प्रत्येक दृश्यात वर्षं मोजणारा आकडा दिसलाच पाहिजे.

तरंगता समुद्रबर्फ वितळला की पातळी वाढते, असं दाखवणारे अनुभव अजूनही सापडतात. पातळी वाढते ती जमिनीवरच्या बर्फामुळे आणि तापून फुगणाऱ्या पाण्यामुळे. ग्लासभर पाण्यात बर्फाचा खडा टाका, पातळीवर खूण करा, वितळू द्या. हेडसेट न घातलेल्या मुलांच्या टेबलावर हा प्रयोग बरोबर बसतो.

पांढरं पडलेलं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ, हाही तसाच घोटाळा. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त, काही आठवडे राहिलं, की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं दिसतं. ताण लवकर ओसरला तर ते सावरू शकतं. निरोगी, पांढरं आणि मेलेलं (शेवाळाने माखलेलं) अशी तिन्ही दृश्यं शेजारी ठेवली तर मुलं फरक स्वतः सांगतात.

आम्लीकरणात समुद्र "आम्ल" झाल्याचं सांगू नका. पीएच (आम्लता मोजणारा आकडा, ७ च्या खाली आम्ल) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. पाणी अजून अल्कधर्मीच आहे. पण पीएचचं प्रमाण लॉगरिदमिक (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्याने ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत साधारण २६ टक्के वाढ. ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्लतेनुसार रंग बदलणारं द्रव्य) घातलेल्या पाण्यात नळीने फुंकलं की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निळ्याचं पिवळं होताना दिसतं. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, हे दोनदा बजावा.

उपाशी ध्रुवीय अस्वलाचं दृश्य दाखवून "हाच हवामानबदल" म्हणणं टाळा. २०१७ मध्ये गाजलेल्या अशाच एका व्हिडिओबद्दल, थेट संबंध जोडण्यात अतिशयोक्ती झाल्याचं नॅशनल जिऑग्राफिकने पुढच्या वर्षी मान्य केलं. एका प्राण्याची उपासमार आजाराने किंवा वयानेही होते. समुद्रबर्फाचा अनेक वर्षांचा नकाशा जास्त बोलका ठरतो.

ऐन वेळी काय बिघडतं

सकाळी हेडसेट सुरू केला आणि अपडेट उतरू लागलं, की पहिला तास गेला. आदल्या दिवशी सगळे हेडसेट सुरू करून अपडेट संपवा आणि रात्रभर चार्ज करा. सलग वापरात बॅटरी दोन-तीन तासच टिकते. किऑस्क मोड (ठरवलेला अनुभवच उघडू देणारी सेटिंग) लावला तर मुलं मेनूत भटकत नाहीत. एका तरी हेडसेटचं दृश्य पडद्यावर दिसू द्या, नाहीतर कोण कुठे पाहतंय ते कळत नाही. निवेदनात "उजवीकडे पाहा" म्हटल्यावर ३-४ सेकंद थांबा, आणि सुरुवातीचे १० सेकंद बोलूच नका; तेवढा वेळ मुलं फक्त आपण कुठे आलो ते पाहत असतात.

जग अचानक सरकलं किंवा "ट्रॅकिंग हरवलं" आलं तर खोलीतला उजेड पाहा. मिट्ट काळोख, मोठा आरसा, कोरी पांढरी भिंत, यांतलं काहीही हेडसेटच्या कॅमेऱ्यांना गोंधळात टाकतं.

अनुभव एकाच कंपनीच्या ॲपवर टांगू नका. गूगल एक्सपिडिशन्स हे शाळांसाठीचं ॲप २०२१ च्या जूनअखेर बंद झालं. ज्या फाइल आपल्याकडे ठेवायला परवानगी आहे, त्यांची प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवा.

भिंगं फक्त कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. अल्कोहोलने त्यांचा थर जातो. चेहऱ्याला लागणाऱ्या भागावर सिलिकॉनचं कव्हर घाला आणि प्रत्येक फेरीनंतर तेच पुसा. डोळे आलेल्या मुलाला हेडसेट देऊ नका. आणि काढलेला हेडसेट खिडकीत, भिंगं वर करून कधीच ठेवू नका: भिंगातून एकवटलेलं ऊन थोड्या वेळात आतला पडदा जाळतं, आणि तो पिवळा डाग पुसला जात नाही.