मेडिक्लेम की मेडिकल? वाद घालायचा तर असा घाला

नागपुरात ‘मेडिकल’ म्हणजे आधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, औषधाचं दुकान नंतर. आणि मेडिक्लेम म्हणजे ज्याच्या जोरावर आपण मेडिकलला न जाता धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांत जातो, तो कागद. या दोघांच्या मध्ये माझी १६ वर्षं गेली: धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे जिथे विम्याच्या क्लेमचे कागद हाताळतात तिथे, पेशंट आणि विमा कंपनी यांच्या मधल्या काचेमागे. आता भाचीच्या कॉलेजातल्या वादविवादाच्या पोट्ट्यांची तयारी करून घेते. ‘खासगी विमा की सरकारी आरोग्यसेवा’ हा विषय फिरून फिरून येतोच, आणि दर वेळी पोट्टे पहिल्याच मिनिटाला त्याच खड्ड्यात पडतात.

त्यांना वाटतं, इथे एका बाजूला सरकार आहे आणि दुसऱ्या बाजूला कंपनी. म्हणून बोलायला उभं राहण्याआधी एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पैसे कोण भरतं? खाट कोणाची? डॉक्टर कोणाचा नोकर? आता देश भरा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. पैसे मुख्यतः करातून, रुग्णालयं सरकारी. कॅनडात पैसे सरकारचे, पण डॉक्टर बहुतेक स्वतःची प्रॅक्टिस करणारे. ते बिल प्रांत सरकारला लावतात. जर्मनीत चान्सेलर बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. तिथे कामगार आणि मालक दोघंही निधीत वर्गणी भरतात. आता सांगा, जर्मनी कोणत्या बाजूला टाकाल? आणि ‘अमेरिकेत सगळं खासगी’ असं तर चुकूनही म्हणू नका. म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड, दोन्ही तिथे १९६५ पासून आहेत. समोरचा थोडा जरी वाचून आला असेल तर तिथेच तुमची विकेट जाते.

शेवटची ओळ आपल्या घरची भरा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पैसे सरकारचे आणि खाट बऱ्याचदा खासगी. आमच्या डेस्कला लागूनच आरोग्यमित्राची, म्हणजे या योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाची खिडकी होती. माझ्याकडे मेडिक्लेमवाले, त्याच्याकडे केशरी-पिवळ्या कार्डवाले, आणि आत ऑपरेशन करणारा सर्जन एकच. हे एक चित्र नीट मांडलं की अर्धं भाषण झालं.

सरकारी बाजू घेणाऱ्यांना एक जास्तीचं देते. सगळे ब्रिटनपासून सुरुवात करतात. तुम्ही भोर समितीपासून करा, म्हणजे इंग्रजांच्या काळात भारताच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या समितीपासून. सर जोसेफ भोर आपल्या नाशिकला जन्मलेले; १९४३ मध्ये नेमलेल्या त्यांच्या समितीचा अहवाल १९४६ ला आला, म्हणजे ब्रिटनच्या सेवेच्याही दोन वर्षं आधी. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, ही त्यातली पायाभूत गोष्ट. परीक्षकांमध्ये एखादे निवृत्त प्राध्यापक असले की मान हलतेच.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: मी ठणठणीत आहे, तर दुसऱ्याच्या आजारपणाचे पैसे मी काहून भरू? इथे पोट्टे ‘सामाजिक बांधिलकी’ वगैरे बोलायला लागतात आणि सभागृह मोबाईल काढतं. तुम्ही सोसायटीच्या लिफ्टची गोष्ट सांगा. तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, मेंटेनन्स भरणार नाही. बरं, सोडलं. मग पहिल्या मजल्यावाल्यांचा हिस्सा वाढतो. ते म्हणतात, एवढ्या पैशात आम्ही जिनाच चढू. मग दुसरा मजला. शेवटी चौथ्या मजल्यावरची गुडघेदुखीवाली आजी एकटी लिफ्टचं बिल भरत बसते. विम्यात हेच होतं. ठणठणीत तब्येतीचे लोक बाहेर राहिले की आजारी लोकांचा प्रीमियम चढतो, आणि चढला की आणखी लोक बाहेर. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच मांडलं होतं की आजारपणाच्या अनिश्चिततेमुळे उपचारांचा बाजार भाजीबाजारासारखा चालत नाही. नाव एकदाच घ्या, लिफ्ट मात्र तीनदा आणा.

खासगी बाजूवाल्यांनो, याला तुमचं उत्तर आहे: म्हणूनच कंपनी वेटिंग पिरियड लावते, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक काळ काही आजारांचे पैसे देत नाही. पण तो किती ते माहीत असू द्या. २०२४ पासून आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने. आणि ६० महिने सलग पॉलिसी चालवल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ‘कंपन्या कधीही हात वर करतात’ म्हणणाऱ्याला हे दोन आकडे पुरतात.

आणि गोष्टी सांगू नका, बिल दाखवा. ‘आमच्या शेजारच्या काकांचं असं झालं’ याला काही वजन नसतं. माझ्या काचेपुढे सगळ्यात जास्त भांडणं कशावरून व्हायची सांगते. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे रोजचे ५ हजार. घरचे म्हणतात, एसी रूम घ्या, ८ हजारांची, वरचे ३ हजार आपण भरू. चार दिवसांचे १२ हजार, काय मोठं. डिस्चार्जच्या दिवशी कळतं की कात्री नुसती खोलीला लागत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, व्हिजिट मिळून समजा १ लाख ६० हजार झाले, तर कंपनी त्यांचेही आठातले पाचच भाग देते, म्हणजे १ लाख. खिशातून गेले ६० हजार अधिक १२ हजार. औषधं आणि इम्प्लांट या कात्रीतून सुटतात, पण ७२ हजार ऐकल्यावर कोणाला ते ऐकू येतं! हे गणित फळ्यावर मांडा. ‘ग्राहकाला काय विकत घेतो तेच कळत नाही’ हा मुद्दा त्यातून आपोआप निघतो. दुसऱ्या बाजूने म्हणावं की खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसीही मिळतात, वाचून घ्या. तेही खरं आहे.

सरकारी बाजूची दुखरी नस म्हणजे वेळ. माझ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन एका सरकारी रुग्णालयात तीनदा पुढे गेलं. दोनदा महामार्गावरच्या अपघाताच्या केसेस आल्या आणि भूल देणारे डॉक्टर तिकडे गेले. तिसऱ्यांदा का, ते कोणी सांगितलं नाही. बाबा उपाशीपोटी दुपारी तीनपर्यंत बसून परत आले. चौथ्यांदा झालं, आणि उत्तम झालं. खर्च आमच्या रिक्षाच्या भाड्याएवढा. हे दोन्ही सांगायचं, अर्धं नाही. ब्रिटनमध्येही १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं उद्दिष्ट २०१६ पासून गाठलं गेलेलं नाही.

उलटतपासणीसाठी एक प्रश्न राखून ठेवा, दोन्हीकडून चालतो: बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्यांचे पैसे कोण देणार? सरकारी योजना भरती झाल्यावरची, साधा मेडिक्लेमही भरती झाल्यावरचा. घराघरातून महिन्याला जो पैसा खरोखर जातो, त्यावर योजना आणि मेडिक्लेम दोन्ही गप्प. समोरचा अडखळला की लगेच बसा. त्यावर भाषण ठोकायचा मोह आवरा.

तयारीत मी प्रत्येकाला एक दिवस नावडती बाजू घ्यायला लावते. कुरकुरतात बिचारे. तर्री-पोह्यांची लाच द्यावी लागते.

गेल्या वेळी एका पोट्ट्याने मलाच पकडलं. “मॅडम, तुम्ही सरकारी बाजूच्या दिसता. मग मेडिक्लेम काहून घेतला?” आहे माझा, १० लाखांचा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, पण माझा वयोगट बदलला, प्रीमियम वाढला आणि सुटलेले पैसे तिकडे गेले. आणि आई सत्तरीच्या पुढची, तिचं आयुष्मान कार्ड काढलंय. २०२४ पासून त्या वयाला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. दोन्ही कार्डं एकाच प्लास्टिकच्या पाकिटात, फ्रिजवर. त्याला तेच सांगितलं. स्पर्धेत कुणी विचारलं तर तुम्हीही लपवू नका.